वरची की खालची?

नर्सरीवाल्याने पिवळं पान हातातसुद्धा घेतलं नाही, याचा राग अजून जात नाही. मी अख्खी फांदी पिशवीतून नेली होती. तो गल्ल्यावरूनच म्हणाला, "नत्र कमी पडलंय, युरिया टाका."

आम्ही वाघोलीला राहतो. गच्चीत कुंड्या आहेत. माती, कोकोपीट आणि गांडूळखत, सगळे भरतात तशाच भरलेल्या. उन्हाळ्यात टोमॅटोची पानं पिवळी पडायला लागली. युरियाने झाड फोफावलं, फुलं गळली, शेंडा पिवळाच राहिला. पुन्हा गेले तर एप्सम सॉल्टची, म्हणजे मॅग्नेशियमची, पुडी मिळाली. त्यानंतर गेले तर, "व्हायरस दिसतोय, उपटून टाका." फांदी तेव्हाही पिशवीतच होती! व्हायरसचा बोकड्या आला की पानं आकसतात, वर वळतात, झाड खुरटतं, पानाखाली पांढरी माशी सापडते. माझी पानं चांगली सपाट होती. न बघता माणूस फुलोऱ्यावरचं झाड उपटायला सांगतोच कसा?

नगरकडे शेती करणाऱ्या मावसभावाला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न, "ताई, वरची पानं की खालची?"

सगळं यातच आहे. नत्र आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. नत्राने पान सगळंच फिकटतं, मॅग्नेशियमने शिरा हिरव्या राहतात. लोह मात्र जिथं बसलं तिथून फारसं हलत नाही. ते कमी पडलं की शेंडाच पिवळा होतो आणि त्यावर हिरव्या शिरांचं जाळं तेवढं उरतं. माझी पानं अगदी अशी होती.

मग त्याने विचारलं, "पाणी कुठलं घालतेस?" टँकरचं, म्हणजे बोअरचं. कुंड्यांच्या कडेला पांढरे क्षार धरलेले होतेच. माशांच्या टाकीसाठी मिळते त्या पट्टीवर पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर गेला. असं पाणी पडत राहिलेल्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. त्यात युरिया ओतून काय होणार होतं?

मग लोहासाठी फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व, असं संध्याकाळी फवारलं. थेंब पडले तिथे आधी हिरवे ठिपके उमटले, मग नवी पानं हिरवीच फुटली. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए लिहिलेलं लोहाचं चिलेट बघून घ्या. ईडीटीए इतक्या सामूला टिकत नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर फारच बरं. आणि झाडाला टोमॅटो लागल्यावर बुडाची दोन-चार पानं पिवळी पडली, तर ती काढून टाका आणि झाडाला सुखाने राहू द्या. एकही पिवळं पान सहन न होणारी मी हे सांगतेय.

त्या नर्सरीची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं, पण सुतळी आणि काठ्या जवळ दुसरीकडे मिळत नाहीत. परवा तिथे एक बाई उभ्या होत्या, हातात एप्समची तीच पुडी. मला राहवलं नाही. विचारलं, "पिवळी पानं वरची की खालची?"

"खालची. शिरा हिरव्या आहेत."

"मग घ्या, हेच घ्या," मी म्हटलं. औषध बरोबर होतं. पण त्यांनाही नर्सरीवाल्याने काही विचारलं नव्हतंच.