सड्यावरून, खाडीवरून, घाटावरून

नागाव (अलिबाग), रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

सुखरूप पोचले. भाऊच्या धक्क्यावरून गटातले सगळे रो-रो बोटीत सायकलीसकट बसलो आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. मुंबईचं काही लिहीत नाही, पाहिलीच नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि दादाजवळ निरोप दिला तर तो दोन वाक्यांत आटोपतो. म्हणून जमेल तसं लिहून टपालात टाकत जाईन. अंतर, चढ, भाव, सगळं तुम्हाला पाहिजे असतं हे मला माहीत आहे.

आधी त्या पार्सलवाल्याचं सांगते, नाही तर झोप लागणार नाही. वाटेत एका स्टेशनवर गाडी बदलली, तिथे सायकल पुन्हा बुक करायची होती. खिडकीतल्या माणसानं मान वर केली नाही. "पॅकिंग नाही, होणार नाही." गोणपाट आणलं, सुतळी आणली, फलाटावर बसून सायकल बांधली. मग म्हणे हँडल बाहेर येतं. ते वळवलं. मग म्हणे आता जेवणाची सुट्टी. तासाभरानं आला तो पान खाऊन, आणि म्हणाला, "बाईमाणसाला कशाला पाहिजे हे? बसा तिच्यावर अन् जा ना." मी काही बोलले नाही. पावती हातात पडेस्तोवर खिडकीसमोरून हलले मात्र नाही. माझ्या मागे एक म्हातारा दोन कोंबड्यांची टोपली घेऊन उभा होता, त्याला तर त्यानं उत्तरसुद्धा दिलं नाही. पगार घेऊन बसलेल्या माणसानं असं वागू नये. चोवीस तास होऊन गेले तरी माझा राग गेला नाही.

इथे रात्री पोपटी केली होती. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे आलू आणि अंडी, खाणाऱ्यांसाठी कोंबडी, वरून पुन्हा पाल्यानं तोंड गच्च बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि वाळली पानं पेटवायची. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शिजलं की नाही हे पाहायला मडक्यावर पाणी शिंपडतात, ते चर्र करून लगेच वाळलं की विस्तव बाजूला. त्या शेंगा सोलता सोलता आपल्या वावरातला हुरडा आठवला. आई, ओव्याचा वास पाल्याच्या वासात असा मुरतो की शेंग तोंडात टाकायच्या आधीच भूक लागते. भांबुर्डा आपल्याकडे होतो का ते बाबांना विचार.

पाणी देऊन बागेचा ताण अजून तोडला नसेल ना? दादाला घाई करू देऊ नका.

तुमची,
ताई

दिवेआगर, सोमवार

ती. बाबा,

आज सत्तर किलोमीटरच्या वर झाले. जंजिरा लांबून पाहिला. आगरदांड्याहून दिघीपर्यंत खाडी जंगल जेटीतून ओलांडली. तिच्यात ट्रक, मोटारी, सायकली, म्हशीसुद्धा एकत्र चढतात.

पाय दुखतात, तरी आजच लिहायला बसले, कारण ज्यांच्या घरी उतरलो आहोत त्यांची सुपारीची वाडी पाहिली आणि पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्याला लागलं, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा घेऊन. घरमालक काकांनी मला वाडीत नेलं. जुनी झाडं बोटावर मोजण्याइतकी उभी आहेत, बाकी सगळी त्या एका दुपारी गेली. काही मुळासकट पडली, बरीचशी मधूनच मोडली. नारळ पडला तो सुपारीवर आणि सुपारी पडली ती घरावर. महिनाभर वीज नव्हती, विहिरीवरचा पंप बंद. नुसतं पडलेलं लाकूड वाडीतून बाहेर काढायला त्यांना पावसाळा लागला. सुपारी लावल्यावर हातात फळ यायला पाच-सात वर्षं जातात. काकांचं वय तेव्हाच साठीच्या पुढे. तरी त्यांनी त्याच वर्षी रोपं लावली.

ती रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. एका झाडाला यंदा पहिला फुलोऱ्याचा तुरा फुटला आहे. पान बाजूला सारून काकांनी तो दाखवला, हात मात्र लावू दिला नाही. उरलेल्या जुन्या झाडांची सुपारी अंगणात वाळत घातली होती, केशरी, टरफलासकट. ती रोज हलवायची, दव पडायच्या आत झाकायची, असे चाळीसेक दिवस. मग सोलायची. सोलणाऱ्या बाया मिळत नाहीत, म्हणून काकू रात्री टीव्हीसमोर स्वतः सोलत बसतात. झाडावर चढणारा गडी एका झाडावरून झोका घेऊन दुसऱ्या झाडाला धरतो, खाली उतरतच नाही. आता चढणारा गावात एकच उरला आहे आणि तो मागेल ती मजुरी द्यावी लागते.

त्यांना मी आपल्या बागेचं सांगितलं. २०१९ च्या उन्हाळ्यात विहीर आटली, तुम्ही टँकर लावलेत, आईनं पाटल्या मोडल्या, आणि तरी वरच्या अंगाची ओळ वाळली. काकांनी विचारलं, खोडं काढली का? मी म्हटलं, दोन वर्षं काढली नव्हती. ते म्हणाले, मीही नाही. आणि पुढे बराच वेळ दोघंही गप्प होतो.

तुम्हाला त्यांचा पत्ता देते. पत्र लिहा. तुम्हाला दोघांना बोलायला खूप आहे.

ताई

गुहागर, संक्रांत

ती. आई-बाबा,

तिळगूळ घ्या, गोड बोला. आई, हळदीकुंकवाला वहिनीनं वाण काय दिलं? मी इथे घरमालकिणीच्या ओसरीवर बसून आहे. तिनं खोबरं घालून केलेली तिळाची वडी दिली. चांगली होती, आपल्यासारखी नव्हती. सकाळपासून डोळ्याला सारखं पाणी येतंय.

बाबा, इथल्या रस्त्याचं गणित सांगते. गाव समुद्राच्या पातळीला, खाडीकाठी. गाव सोडलं की लगेच चढ लागतो. वर जांभ्या दगडाचा सडा येतो. तिथे सपाट असतं, पण झाड नाही, सावली नाही, आणि वारा तोंडावर. मग पुढची खाडी आली की मिळवलेली सगळी उंची उतरून टाकायची आणि पलीकडे पुन्हा पहिल्यापासून चढायचं. दिवसातून तीनदा, चारदा. आपल्याकडे पूल सोडले तर चढ लागतो कुठे? नांदगाव पेठेहून अमरावतीला तुम्ही इतकी वर्षं ड्युटीला सायकलवर गेलात, तेव्हा ऊन होतं, ट्रक होते, पण जमीन तुमच्या बाजूनं होती. इथली नाही. पहिल्याच चढाला मी गिअर सगळ्यात हलका करते आणि पुढच्या वळणापलीकडे पाहत नाही.

बाणकोटची खाडी बागमांडल्याहून ओलांडली, दाभोळची आज. खाड्यांवर पूल बांधायचं काम ठिकठिकाणी काढलं आहे. पूल झाले की गावांचं भलं होईल, दवाखाना जवळ येईल. मला मात्र त्या जेटीवरची पंधरा मिनिटं हवीशी वाटतात, कारण तेवढाच वेळ पाय थांबतात. पलीकडे अंजनवेलचा वीज प्रकल्प लागला आणि घरामागच्या आपल्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या डोळ्यांपुढे आल्या. इथला गॅसवरचा, म्हणून अंगणातल्या कपड्यांवर राख नाही.

दापोली चहापुरती पाहिली. तिथलं कृषी विद्यापीठ १९७२ चं, आपलं अकोल्याचं १९६९ चं. तुम्ही अकोल्याहून बियाणं आणायचात ते सांगितलं तर आमच्याबरोबरच्या मुलाला फार आनंद झाला, कारण त्याच्या वडिलांनी आंब्याची कलमं दापोलीहूनच नेलेली.

भावाचं लिहायचं राहिलं. शहाळं साठ रुपये, आणि नारळाच्या झाडाखाली बसून साठ. भात तिन्ही त्रिकाळ. सोलकढी मी दोन-दोन वाट्या पिते, कुळथाचं पिठलं मनापासून आवडलं, घावन तर रोज मागून घेते. पण भाकर नाही. ठेचा मागितला तर ओल्या मिरचीची खोबरं घातलेली चटणी आली. तिखट कमी आणि गोडसर. पोट भरतं आणि जेवल्यासारखं वाटत नाही.

या आळीत सहा घरं आहेत, त्यांतली चार बंद. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. एका बंद घरासमोरची तुळस हिरवीगार आहे. आमची घरमालकीण रोज सकाळी स्वतःच्या तुळशीला पाणी घालून झालं की तांब्या घेऊन तिकडे जाते. तिचा स्वतःचा मुलगा डोंबिवलीला असतो. तिनं विचारलं, तुमच्याकडे कोण कोण आहे? दादाचं पुण्याच्या नोकरीचं चाललंय हे तिला मी सांगितलं नाही.

ताई

मालवण, रविवार

ती. बाबा,

चार ओळीच लिहिते. अंगात ताप नाही, पण कपडे वाळत नाहीत, मानेला मिठाचा थर, आणि मांडीला घासून जखम झाली आहे. थंडी म्हणून काही नाहीच इथे, जानेवारीतही घाम. तुम्ही तिकडे शेकोटी करत असाल. रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला, इथे सिंधुदुर्ग. दोन्ही चांगले.

आमच्या गटात पुण्या-मुंबईचे लोक आहेत. ते चढावर पुढे निघून जातात आणि वर पोचल्यावर फोटो काढतात. मी मागे राहते आणि मार्गदर्शक माझ्याबरोबर राहतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, भेटलात की सांगेन. मुंबईला कंपनीत होता, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहायचे. आता गावी परत आला. थंडीत पाहुण्यांना सायकलवर फिरवतो, पावसाळ्यात भात लावतो, मे महिन्यात आंबा. तीन कामं मिळून एक पगार होतो असं म्हणाला. आणि संध्याकाळी घरी जेवतो.

सुरमईचं ताट साडेतीनशे. मी शाकाहारी म्हणून मला काजूची उसळ. हंगाम अजून यायचा आहे, त्यामुळे काजू सुकेच होते.

बागेचं तुम्ही काहीच कळवलं नाही.

ताई

आंबोली, मंगळवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,

दादाचा संदेश मिळाला. पाणी दिलं, ओल खोल गेली, हे वाचून जीव भांड्यात पडला.

इथे थंडी आहे! खरी थंडी. मफलर काढला, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले आहे. आल्यापासून तिसरा. समुद्र संपला. सावंतवाडीहून इथपर्यंत तीसेक किलोमीटर. दाणोली मागे पडली की खरा घाट लागतो. दोन वळणांनंतर हवा बदलली. घामाचा चिकटपणा गेला, झाडी दोन्ही बाजूंनी अंगावर आली, दगडांवर शेवाळ अजून ओलं. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे नऊशेच्या आत. इतक्या पाण्याचं हे लोक काय करतात असं मी विचारलं, तर चहावाला म्हणाला, "एप्रिलात इथेही हंडे घेऊन फिरतो ताई." डोंगरावरून ते सगळं समुद्राला जातं.

घाट मी एका दमात चढले नाही, पण एकदाही गटामागच्या टेंपोत बसले नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. वर टपरीवर बसल्यावर मनात पक्कं झालं ते लिहिते. आपला चिखलदरा १११८ मीटर. परतवाड्याहून अंतरही इतकंच. वर कॉफीचे मळे आहेत, जे महाराष्ट्रात दुसरीकडे सहसा दिसत नाहीत. भीमकुंड आहे, गाविलगड आहे, थंडीत कधीकधी दवही गोठतं. आणि तिथली मुलं सुरतेला, पुण्याला कामाला जातात. लोक इथे पैसे मोजून घाट चढायला येतात. आपल्या घाटात गाडीतून येतात, मक्याचं कणीस खातात आणि संध्याकाळी परत जातात. सायकलवर येणाऱ्या माणसाला गावात मुक्काम करावा लागतो, दोन वेळ जेवावं लागतं, पंक्चर काढावं लागतं, वाट विचारावी लागते. त्याचा पैसा रस्त्यावरच्या घरांत उतरतो. हे मी दिवेआगरपासून रोज पाहत आले. आमच्या गटाची राहणी, जेवण, शहाळी, सगळं ज्यांच्या अंगणात होतं त्यांच्याच हातात जात होतं.

दादाला पुण्याला जाऊ नको असं मी म्हणणार नाही, तो त्याचा निर्णय. पण कंपनीला उत्तर द्यायच्या आधी त्यानं ही सगळी पत्रं एकदा वाचावीत, विशेषतः मालवणचं. परतवाडा ते चिखलदरा हा घाट आम्ही दोघं फेब्रुवारीत चढून पाहू. सायकली दोन आहेत, टेंपो आपल्या काकांचा आहे. बाबा, तुम्ही टेंपोत पुढे बसा. पाहुण्यांना तिथे सायकलवर फिरवायचं झालं तर मराठी, हिंदी आणि थोडी कोरकू येणारा माणूस आपल्या घरात दादाच आहे.

उद्या आजऱ्यावरून कोल्हापूरकडे उतरतो. तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी बडनेरा. आई, त्या दिवशी पातोडीची रस्सा भाजी आणि ज्वारीची भाकर कर. भात टाकू नको.

तुमची,
ताई