मायची ओटी

सुनबाई नागपूरची. सुट्टीत गावी आली की सैपाकाला एप्रन बांधते. लग्नकार्य असलं की केस कुरळे करायचं यंत्रही पिशवीतून निघते. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, तुमच्या आईकडे एप्रन होता का?"

होता. आम्ही त्याला ओटी म्हणत होतो.

आमचं गाव वैनगंगेच्या अलीकडचं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा 1982 साली झाला. जुन्या लुगड्याचा धड तुकडा फाडून माय कमरेला बांधायची. खालची टोकं वर खोचली की ओटी तयार. सवाष्णीची ओटी नारळ-तांदळानं भरतात, मायची मोहफुलानं भरायची. चैतात ती अंधारातच निघे. अस्वलालाही मोह गोड लागते, म्हणून चार-पाच बाया मिळून, मोठ्यानं बोलत जात. ओटी भरली की टोपल्यात रिकामी करायची. टोपलं भरलं की डोक्याच्या फडक्याचीच चुंबळ. मे महिन्यात त्याच ओटीत तेंदूपत्ता. रात्री चिमणीपुढे 70-70 पानांचे पुडे बांधत बसायची.

केसांना मोहाच्या टोरीचं तेल. थंडीत ते थिजे, मग वाटी चुलीजवळ ठेवायची. चोपून अंबाडा बांधला की दिवसभर एक केस हालत नसे.

मी तालुक्याला नववीत होतो. परीक्षेआधी थकलेली फी द्यायला माय मोहाखालून थेट शाळेत आली. कमरेला ओटी तशीच. पोरं नाक दाबून हसली. मी तिला फाटकाजवळ नेलं.

"माय, तू शाळेत येऊ नोको."

"कावून रे बाबू?"

"वास येते."

ती काही बोलली नाही. तिथंच ओटी सोडली, घडी करून काखेत धरली. पदराची गाठ सोडून पैसे माझ्या हातावर ठेवले अन् निघून गेली. पुन्हा शाळेत कधी आली नाही.

दहावी पास झालो त्या दिवशी गावाबाहेर आंब्याखाली वाट पाहत उभी होती. ओटी नव्हती. केसांना दुकानातलं खोबरेल.

"आता नाही येत ना वास?" तिनं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. माझी दहावी त्या ओटीतूनच झाली, हे मायला सांगायचं राहून गेलं. म्हणून नातीला सांगितलं, अन् इथं लिहिलं.