सात दिवसांनी पुन्हा पाहावे

बायबलमधील लेवीय हा ग्रंथ आपल्या घरांत सहसा कोणी उघडत नाही. यज्ञबलींचे नियम, खाण्यापिण्याचे विधिनिषेध आणि शुद्धाशुद्धतेचे बारकावे यांनी तो भरलेला असल्यामुळे भाविक वाचक चार पाने उलटून पुढे जातो. परंतु त्याचा तेरावा अध्याय आम्हा धर्मगुरूंना विचार करायला लावणारा आहे. एखाद्याच्या अंगावर चट्टा उठला, तर त्याला याजकाकडे आणावे, असा तेथे दंडक आहे. याजकाने चट्टा पाहावा, त्यावरील केस पांढरे झाले आहेत काय, तो कातडीत खोल गेला आहे काय, हे तपासावे. लक्षणे स्पष्ट नसतील, तर त्या माणसाला लागलीच अशुद्ध ठरवू नये. सात दिवस वेगळे ठेवून सातव्या दिवशी पुन्हा पाहावे. तरीही निश्चिती झाली नाही, तर आणखी सात दिवस थांबावे आणि मगच निर्णय द्यावा.

त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, रक्ततपासणी नव्हती, रोगजंतूंची कल्पनाही कोणाला नव्हती. तरी एवढे त्या लोकांना उमगले होते की, एका दृष्टिक्षेपावर विसंबून माणसाला छावणीबाहेर काढता येत नाही. आज आपल्यापाशी सारी साधने आहेत. ते शहाणपण मात्र आपण पुष्कळदा प्रयोगशाळेच्या दारातच सोडून येतो, असे आम्हांला वाटते.

विवाहसंस्काराच्या तयारीसाठी वधूवर येतात, तेव्हा स्नानसंस्काराचा व दृढीकरणाचा दाखला आणि दोन्ही कुटुंबांची ओळख एवढ्यावर पूर्वी काम भागत असे. अलीकडे काही कुटुंबे रक्ततपासणीचा कागदही सोबत आणतात. आम्हांला त्यात गैर काही दिसत नाही. दोघांनी समजून उमजून, एकमेकांच्या संमतीने तपासणी करून घ्यावी, असे आम्हीही सुचवितो. अडचण निराळीच आहे. तो कागद काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे त्या कागदाभोवती बसलेल्या दहा माणसांपैकी एकालाही बहुधा ठाऊक नसते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकिगत सांगतो. ती पापनिवेदनातील नव्हे, कार्यालयात बसून सांगितलेली आहे. आणि त्या मुलीच्या संमतीने, ओळख पटेल असे सारे तपशील वगळून, येथे देत आहोत. लग्न पुनरुत्थानाच्या सणानंतरचे ठरले होते. कोणा नातलगाच्या सूचनेवरून दोघांनी एका खासगी प्रयोगशाळेत रक्त दिले. मुलाचे अहवाल कोरे आले. मुलीच्या अहवालात मात्र व्हीडीआरएल या नावापुढे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ असा शब्द छापलेला होता. ही चाचणी उपदंशाची, म्हणजे ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात त्या रोगाची, एवढे मुलाच्या घरच्या कोणाला तरी माहीत होते. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तीन घरांत पोहोचली. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आमच्यापुढे बसून एवढेच म्हणाले, “फादर, आमच्या पोरीकडे पाहून कोणी असं म्हणेल काय?”

आम्ही त्यांना त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे पाठविले. डॉक्टरांनी मुलीला एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणीच विचारला नव्हता: अलीकडे काही आजार झाला होता काय? दोन महिन्यांपूर्वी तिला हिवताप येऊन गेला होता. मग टीपीएचए ही दुसरी, उपदंशाच्या जंतूशी थेट संबंध असलेली चाचणी झाली. ती कोरी आली. काही महिन्यांनी पहिली चाचणी पुन्हा केली, तीही कोरी आली. मुलीला उपदंश कधी झालाच नव्हता.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. १९०६ साली जर्मनीत आउगुस्ट फॉन वासरमन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशासाठी पहिली रक्तचाचणी काढली. तीत उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरीत. त्यात जंतू असतात म्हणून चाचणी काम करते, असा समज होता. थोड्याच काळात आढळून आले की, निरोगी जनावराच्या हृदयाचा अर्क वापरला तरीही चाचणी तसेच काम करते! १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी गुराच्या हृदयातून कार्डिओलिपिन हा स्निग्ध पदार्थ वेगळा काढला आणि त्याच्याच आधारे १९४६ साली अमेरिकेतील ज्या प्रयोगशाळेत आजची चाचणी तयार झाली, तिच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे व्हीडीआरएल. तात्पर्य, ही चाचणी उपदंशाच्या जंतूला पाहतच नाही. जंतूच्या उपद्रवाने शरीरातील पेशींची मोडतोड झाली, म्हणजे रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, त्यांना ती हुडकते. पण अशी मोडतोड इतर कारणांनीही होते. हिवताप, क्षयरोग, काही संधिवातासारखे विकार, एवढेच काय, गर्भारपण आणि म्हातारपण यांतही ही चाचणी फसवी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येऊ शकते. अंगणात कुत्रे भुंकले म्हणजे कोणीतरी आले एवढे कळते. चोर आला की पाहुणा, हे भुंकण्यावरून कळत नाही.

या यादीत आणखी एक नाव आहे, आणि विदर्भातल्या माणसाला ते विसरता येणार नाही. ते म्हणजे कुष्ठरोग. त्याच्या तीव्र प्रकारात व्हीडीआरएल चाचणी खोटी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येणे वैद्यकाला पूर्वीपासून परिचित आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले. पुढे वरोड्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. घरादाराने टाकलेली माणसे तेथे आली. अशा माणसाचे रक्त तपासले आणि तो कागद अजाण माणसाच्या हाती पडला, तर काय होईल? अंगावर एक रोग, आणि माथ्यावर दुसऱ्याचा आळ.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर वाचकांचा असा समज व्हायचा की, ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे नेहमी खोटेच. तसे नाही. उपदंश आजही आहे आणि गर्भवतीला तो असून उपचार झाला नाही, तर मूल पोटातच दगावू शकते किंवा रोग घेऊन जन्माला येते. म्हणूनच प्रत्येक गर्भवतीची ही तपासणी करतात. शिवाय ‘कोरा’ अहवालही नेहमी खरा नसतो. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही. कधी प्रतिपिंडे इतकी अतोनात असतात की, रक्त विरळ करून पाहिल्याशिवाय चाचणी कोरीच दिसते. टीपीएचएची तऱ्हा याहून वेगळी. उपचाराने माणूस पूर्ण बरा झाला, तरी ती बहुधा आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह’ राहते. त्यामुळे जाणता डॉक्टर दोन्ही चाचण्या शेजारी ठेवतो, माणसाची हकिगत ऐकतो आणि मगच बोलतो.

एचआयव्हीच्या बाबतीत हाच विचार आकड्यांनी मांडता येतो. आपल्या देशात प्रौढांपैकी हजारी सुमारे २ जणांना या विषाणूची बाधा आहे. समजा, १०,००० माणसांची तपासणी केली. त्यांत बाधित २० निघतील. आता चाचणी इतकी चांगली धरू की, ती बाधित एकालाही चुकवीत नाही आणि निरोगी २०० माणसांमागे फक्त एकाला चुकीने बाधित म्हणते. उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांत अशी सुमारे ५० माणसे निघतील. म्हणजे ज्या ७० जणांच्या हाती भीतीचा कागद पडला, त्यांतील ५० निर्दोष! चाचणी वाईट आहे म्हणून असे झाले नाही; रोग विरळ आणि निरोगी माणसे पुष्कळ, म्हणून झाले. यावरचा उपायही साधा आहे. पहिल्या चाचणीत सापडलेल्यांची निराळ्या तत्त्वावरील दुसरी आणि मग तिसरी चाचणी करायची. आपल्या देशात लक्षणे नसलेल्या माणसाला बाधित म्हणण्यापूर्वी तिन्ही वेगवेगळ्या चाचण्यांचे एकमत व्हावे लागते, ते याचसाठी. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते, आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशक माणसाशी बोलतो.

सेमिनरीत धर्मसंहिता शिकताना आम्हांला साक्षीपुराव्याचे नियम घोकावे लागत. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर, काही अपवाद सोडता, पूर्ण पुरावा सिद्ध होत नाही, असे १५७३ वे कलम सांगते. त्याचे मूळ मोशेच्या नियमशास्त्रात आहे. तेथेही दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून कोणाला दोषी ठरविता येत नाही. न्यायासनापुढे जे तत्त्व आपण मान्य करतो, तेच प्रयोगशाळेच्या कागदापुढे विसरावे, हे योग्य नव्हे. पहिली चाचणी ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

कोऱ्या अहवालालाही तारीख असते, हे आपल्या नागपूरने फार जबर किंमत देऊन पाहिले आहे. मे २०२२ मध्ये वृत्त आले की, येथील थॅलेसेमियाग्रस्त चार मुलांना बाहेरून दिलेल्या रक्तातून एचआयव्हीची बाधा झाली व त्यांतील एक मूल दगावले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्या वृत्ताची दखल घेऊन राज्य शासनाला नोटीस पाठविली. या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. त्यावरच त्यांचे जगणे अवलंबून असते. दान केलेल्या प्रत्येक रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब व क, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची आहे. परंतु लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसू लागेपर्यंत एक आंधळा काळ असतो. बोटाच्या थेंबावर होणाऱ्या झटपट चाचणीत तो ९० दिवसांपर्यंत लांबू शकतो, नव्या पद्धतीच्या प्रयोगशाळेतील चाचणीत सुमारे ४५ दिवसांपर्यंत. विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी ‘नॅट’ नावाची महागडी चाचणी तो काळ पुष्कळ कमी करते, पण शून्यावर आणीत नाही. म्हणून ‘कोरा’ या शब्दाचा अर्थ ‘या दिवसापर्यंत, या चाचणीला दिसले नाही’ एवढाच घ्यावा. रक्तदानापूर्वी विचारलेल्या प्रश्नांना खरे उत्तर देणे हे यासाठीच रक्ताइतकेच मोठे दान आहे. आणि त्या बालकांचा विचार मनात आला म्हणजे, हा रोग म्हणजे चारित्र्याचा दाखला असे म्हणणाऱ्याची जीभ आपोआप अडखळली पाहिजे.

आता कोणी विचारील, फादर, मग चर्चने काय करावे? विवाहासाठी वैद्यकीय दाखला धर्मसंहिता मागत नाही. पण आपल्या जोडीदाराची संमती मिळविण्यासाठी सहजीवनाला गंभीर बाधा आणणारी गोष्ट कपटाने लपविली, तर तो विवाह अवैध ठरतो, हेही तीच संहिता १०९८ व्या कलमात सांगते. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार माणसाला समजावून, त्याची संमती घेतल्यावाचून ही तपासणी करता येत नाही आणि तिचा निष्कर्ष चारचौघांत सांगता येत नाही. या दोन्हींचा सारांश आम्ही वधूवरांना असा सांगतो: तपासणीला दोघांनी मिळून जावे, स्वतःहून जावे, अहवाल आधी ज्याचा त्याने हाती घ्यावा, डॉक्टरांकडून समजून घ्यावा, शंका असेल तर पुन्हा तपासावे, आणि जे निश्चित झाले ते जोडीदाराला स्वतःच्या तोंडाने सांगावे. काका, मामा आणि शेजारी यांचा त्या कागदाशी संबंध नाही.

आणि तिन्ही साक्षीदारांनी तेच सांगितले तर? तर तो माणूस अधिकच आपला आहे. उपदंश वेळीच कळला, तर पेनिसिलिनने पूर्ण बरा होतो. एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नेमाने घेणारा माणूस दीर्घ काळ जगतो आणि त्याच्यापासून बाधेचा धोकाही अगदी कमी होतो. घरात राहून, नवऱ्याशी एकनिष्ठ राहून बाधित झालेल्या किती भगिनी असतील! त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

त्या मुलीचे लग्न मात्र मोडले. दुसरा कागद आला, तिसरा आला. पण पहिला ज्यांनी ज्यांनी वाचला होता, त्या सर्वांपर्यंत ते पोहोचले नाहीत. वाईट वार्ता न बोलावता घरोघर जाते. तिची दुरुस्ती मात्र आपल्याला पायी जाऊन पोहोचवावी लागते. मुलीच्या आईने आम्हांला विचारले की, लेकीच्या खरेपणासाठी एवढे कागद दाखवायची पाळी का यावी? आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा प्रश्न आमच्या एकट्यापुरता नाही, साऱ्या धर्मग्रामाला आहे, म्हणून तो येथे लिहिला.

मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभूपुढे गुडघे टेकतो. प्रभू त्याला बरे करतो आणि लेवीय ग्रंथातील नियमाप्रमाणे याजकाकडे जाऊन स्वतःला दाखविण्यास सांगतो. तपासणी त्याने टाळली नाही, दाखलाही नाकारला नाही. पण त्या आधी त्याने हात पुढे करून त्या माणसाला स्पर्श केला. आपल्या धर्मग्रामांतही हाच क्रम राहावा, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.