नानांचं प्यादं

गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्याच डावात हरली आणि रडत घरी आली. "नानांनी मला चुकीचं शिकवलं," एवढंच म्हणाली.

तिला खेळ शिकवला माझ्या अब्बांनी, जुन्या देशी रीतीने. त्या रीतीत प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं. समोरच्या मुलाचं प्यादं दोन घरं पुढे आलं, तेव्हा हिने चाल चुकली म्हणून हरकत घेतली. सगळे हसले.

अब्बांनी ऐकलं. काही न बोलता पट कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशीही काढला नाही. दोघांची बोलचालही कमी झाली.

मग एका रात्री जेवणानंतर मी मीर सुलतान खान यांची हकीकत काढली. हे पंजाबचे. लहानपणी देशी रीतीनेच खेळायला शिकले. 1929 मध्ये सर उमर हयात खान यांनी त्यांना लंडनला नेलं. तिथल्या सुरुवातीच्या स्पर्धेत ते तळाला राहिले. मग विंटर आणि येट्स या इंग्रज खेळाडूंनी त्यांची तयारी करून घेतली आणि त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले. 1932 आणि 1933 मध्ये पुन्हा जिंकले. हेस्टिंग्जच्या 1930-31 च्या स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं.

"उमर हयात खान यांच्याच घरातली फातिमा 1933 मध्ये ब्रिटनची महिला विजेती झाली," मी म्हटलं.

मुलीने मान वर केली. "तीही देशी शिकलेली?"

"त्याच घरातली ना ती," अब्बा पहिल्यांदा बोलले. "पण पुढे काय झालं त्यांचं?"

उमर हयात खान परतले, त्यांच्याबरोबर सुलतान खानही आले आणि मोठ्या स्पर्धा सुटल्या. 1966 मध्ये ते वारले. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्यांच्या नावावर लागला तो 2024 मध्ये.

"म्हणजे डोकं होतंच," अब्बा म्हणाले. "नियम तेवढे नवे होते."

मुलगी उठली. कपाटातून पट काढून त्यांच्यासमोर मांडला. "नाना, आता मी शिकवते."

या वर्षी ती पुन्हा स्पर्धेत उतरतेय. रोज संध्याकाळी दोघांचा डाव असतो. अब्बा अजूनही पहिलं प्यादं एकच घर सरकवतात. "नाना, हीसुद्धा नियमातच बसते हं," मुलगी त्यांना सांगते.