वाळूचे गाव, राखेची खाडी

तुमच्या नात्यात कुणी सिव्हिल इंजिनिअर असेल तर त्याच्यासमोर 'एन्नोर सँड' हे दोन शब्द उच्चारून पाहा. त्याला कॉलेजची प्रयोगशाळा हटकून आठवेल. एक भाग सिमेंट, तीन भाग एन्नोरची वाळू, मोजून घातलेले पाणी. या मिश्रणाचे ठोकळे पाडायचे, पाण्यात मुरवायचे आणि ठरलेल्या दिवशी यंत्राखाली फोडायचे. ठोकळा किती दाब सोसतो, त्यावरून सिमेंटची प्रत ठरते. वाळू दरवेळी वेगळी असेल तर निकालही वेगळा येणार. म्हणून भारतीय मानकाने एकाच गावची वाळू प्रमाण मानली. जाड, मध्यम आणि बारीक अशा तीन प्रतींत चाळलेली ही वाळू तमिळनाडूतल्या एन्नोरहून देशभर जाते. म्हणजे तुमच्या-आमच्या घराच्या भिंतीचे नाते या गावाशी आहेच, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते.

मला मात्र एन्नोरची वाळू पाहायची नव्हती, खाडी पाहायची होती.

चेन्नई सेंट्रलला लागूनच मूर मार्केटचे लोकल स्थानक आहे. तिथून गुम्मिडिपूंडीच्या गाडीत बसायचे. तिरुवोट्टियूर मागे पडले की 'विमको नगर' असे स्थानक येते आणि मराठी माणूस दचकतो. हो, आपल्या अंबरनाथची विमको तीच! आगपेटीच्या त्याच कंपनीचा एक कारखाना इथेही होता. त्यानंतर कत्तिवाक्कम आणि मग एन्नोर. शहरापासून जेमतेम 20 किलोमीटर. अशोक लेलँडच्या मालमोटारींचा जुना कारखानाही इथलाच.

एन्नोर सोडून गाडी पुलावर चढते आणि दोन्ही बाजूंना एकदम पाणीच पाणी दिसू लागते. ठाण्याच्या खाडीवरून जाताना वाटते ना, अगदी तसेच. डावी-उजवीकडे चिखलाची बेटे, तिवरांची हिरवी झुडपे, एका पायावर उभे बगळे, लहानशा होड्या. आणि या सगळ्याच्या मागे आकाशात घुसलेल्या उंच चिमण्या. खिडकीतला हा देखावा दोन-तीन मिनिटांत सरतो. पण त्यात दोनशे वर्षांची गोष्ट मावलेली आहे.

मुखद्वार

कोसस्थलैयार ही चेन्नईच्या तीन नद्यांपैकी सर्वांत मोठी. अड्यार आणि कूवम शहराच्या मधून जातात म्हणून प्रसिद्ध, ही बिचारी उत्तरेच्या अंगाने मुकाट्याने येते. 1944 मध्ये बांधलेले पूंडीचे धरण हिच्यावरच आहे. ही नदी एन्नोरला बंगालच्या उपसागराला मिळते. तिथेच उत्तरेकडून पुलिकत सरोवराच्या बाजूचे खारे पाणी येते आणि दक्षिणेकडून बकिंगहॅम कालव्याचे. गोडे, खारे आणि मचूळ पाणी जिथे मिसळते ती ही खाडी.

खाडीच्या तोंडाशी मच्छीमारांची एक वस्ती आहे. तिचे नाव 'मुगत्तुवार कुप्पम'. कुप्पम म्हणजे कोळीवाडा. आणि 'मुगत्तुवारम' म्हणजे? जरा सावकाश उच्चारून पाहा. आपला 'मुखद्वार' हाच तो शब्द! नदीचे तोंड आणि समुद्राचे दार. खाडीचा सगळा जीव या दारात असतो, हे ज्याने वस्तीला नाव दिले त्याला पक्के ठाऊक असले पाहिजे.

कोळंबीचेच पाहा ना. कोळंबी अंडी घालते समुद्रात. नखाएवढीही नसलेली पिल्ले भरतीच्या पाण्याबरोबर मुखातून खाडीत शिरतात. तिवरांच्या मुळांशी, मऊ चिखलात त्यांना खाणे मिळते आणि मोठ्या माशांपासून आसराही. पोसली की ती पुन्हा त्याच दाराने समुद्रात जातात. बोय मासाही असाच जा-ये करणारा. चिंबोऱ्या, शिवल्या, कालवे यांना तर भरती-ओहोटीचा श्वासच लागतो. दार बंद झाले की हे घर रिकामे व्हायला वेळ लागत नाही.

सरपण, मीठ आणि होड्या

1806 मध्ये बेसिल कॉक्रेन नावाच्या इंग्रजाने मद्रास ते एन्नोर असा सुमारे 18 किलोमीटरचा कालवा पुरा केला. पुढे तो दोन्ही दिशांना वाढत गेला. 1877-78 च्या भीषण दुष्काळात उपाशी माणसांना काम म्हणून शहरातला अड्यार ते कूवम हा तुकडा खोदला गेला, आणि त्या वेळचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे नाव कालव्याला मिळाले.

रेल्वे आणि मोटारी येण्याआधी मद्रासची चूल या कालव्यावर पेटत असे. आज जिथून आपले उपग्रह अवकाशात झेपावतात त्या श्रीहरिकोटा बेटावरून होड्या भरून सरपण येई. एन्नोर आणि अत्तिपट्टूच्या मिठागरांतून मीठ जाई. आपल्या उरण-भाईंदरला होते तसेच चौकोनी वाफे, तेच पांढरे ढीग. शहराला जे लागे ते खाडी देत होती. शहर तिला काय देईल, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात आला नसावा.

हात हेच जाळे

या पाण्यावर कोळ्यांइतकाच इरुळर लोकांचाही संसार चालत आला आहे. साप पकडण्यात वाकबगार म्हणून या आदिवासींचे नाव आपण ऐकलेले असते. 2023 मध्ये त्यांच्यातल्या दोघांना पद्मश्रीही मिळाली. पण खाडीकाठचे इरुळर कोळंबी धरतात, तीही जाळ्याशिवाय. छातीएवढ्या पाण्यात उतरायचे, वाकून दोन्ही हातांनी तळचा चिखल चाचपत पुढे सरकायचे आणि बोटांना लागलेली कोळंबी पकडून ताडाच्या पानांच्या टोपलीत टाकायची. हात गुंतलेले म्हणून टोपली दातांत धरलेली. या कामात बायका पुरुषांच्या बरोबरीने असतात. आपल्याकडच्या कातकरी बायांची आठवण व्हावी असे हे दृश्य.

आता विचार करा, ज्यांचे सगळे पोट तळच्या चिखलावर, त्यांच्या चिखलात राख आली तर?

राख आली

एन्नोरचे औष्णिक वीज केंद्र 1970 मध्ये सुरू झाले. 450 मेगावॅटचे हे केंद्र 2017 मध्ये बंद पडले. पण तोवर खाडीपलीकडे उत्तर चेन्नई वीज केंद्र उभे राहिले होते. त्याचा पहिला टप्पा 1990 च्या दशकात आला, दुसरा 2010 च्या दशकात. जवळच वल्लूरला 1500 मेगावॅटचे आणखी एक केंद्र आले. 2001 मध्ये एन्नोर बंदर सुरू झाले, त्याचे नाव 2014 पासून कामराजर बंदर. पुढे काट्टुपल्ली बंदर आले. चेन्नईचे दिवे, पंखे आणि कारखाने चालायचे तर हे हवेच होते, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. भारतीय कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. ती टाकायची कुठे? उत्तर चेन्नई केंद्रातली राख पाण्यात कालवून जाड नळांमधून सेप्पाक्कमच्या राखतळ्याकडे नेली जाते. हे नळ खाडीवरून जातात, आणि वर्षानुवर्षे ते फुटत, गळत आले. गळालेली राख तळाशी बसते. मऊ, काळ्या, जिवंत चिखलावर करडा, सिमेंटसारखा थर चढतो. जिथे माणूस बुडेल एवढे पाणी असे तिथे तो उभा राहू शकतो. कोळंबीला बिळे करायला जागा राहत नाही आणि होडी गाळात रुतते. भरीला केंद्रातून बाहेर पडणारे कोमट पाणी.

हे फक्त एन्नोरचे दुखणे आहे असे समजू नका. 2022 च्या जुलैत नागपूरजवळ कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा विदर्भातल्या शेतांनी आणि ओढ्यांनीही हीच राख पाहिली.

तेलाचे तडाखे वेगळेच. 28 जानेवारी 2017 रोजी बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. किनाऱ्यावर आलेले दाट काळे तेल लोकांनी अक्षरशः बादल्यांनी उपसले. 2023 च्या डिसेंबरात 'मिचाँग' चक्रीवादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल वाहत थेट खाडीत आले. होड्या, जाळी, तिवरे, पाणपक्षी सारे काळे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस, 26 तारखेच्या रात्री, एका खत कारखान्याच्या समुद्राखालच्या वाहिनीतून अमोनिया वायू गळला आणि कुप्पमची माणसे लेकराबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पळाली.

आणि एक पाहुणी आली आहे, मूळची दक्षिण अमेरिकेची शिंपली. कोळी तिला 'काक्का आळी' म्हणतात. बहुधा जहाजांच्या तळातल्या पाण्यातून ती आली. ती तळावर सतरंजीसारखी पसरते आणि इथल्या शिवल्या-कोळंब्यांचा श्वास कोंडते.

दारातली वाळू

आता पुन्हा वाळूकडे येऊ. या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ लाटा वाळूला दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलत नेतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रास बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या आणि ही वाट अडली. अडलेल्या वाळूने दक्षिणेला मरीना चौपाटी रुंद झाली. उत्तरेला रोयापुरम, तिरुवोट्टियूर भागात वाळू पोचेना, समुद्र जमीन खाऊ लागला, दगडांचे बांध घालावे लागले. पुढे एन्नोर बंदराच्या भिंती झाल्या, त्या खाडीमुखाच्या उत्तरेला. तिथे अडलेली वाळू आता मुखाच्याच बाजूला साचते. सिमेंटची ताकद मोजणारी ही वाळू खाडीच्या दारातच दाटते आहे. आत राख, दारात वाळू.

हे दुखणे एकट्या कोळ्याचे असते तर कदाचित शहराने कानाडोळा केलाही असता. पण ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो तेव्हा कोसस्थलैयारचे सगळे पाणी याच दारातून समुद्रात जायचे असते. दार अरुंद आणि पोट उथळ झाले की पाणी मागे फिरते. मणली आणि आसपासच्या वस्त्यांनी ते 2015 मध्ये पाहिले, 2023 मध्ये पुन्हा पाहिले. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. 26 जुलै 2005 रोजी 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि आपण नाला समजत होतो ती मिठी नदी असल्याचे त्या दिवशी आपल्याला कळले.

कुणाचीच नाही?

तमिळमध्ये 'पोरंबोक' असा एक शब्द आहे. सारा न लागणारी, कुणा एकाच्या नावावर नसलेली, सगळ्यांच्या उपयोगाची जमीन. आपले गायरान म्हणा, खाजण म्हणा. खाडी, तळी, चराऊ राने अशा जमिनीत येत. आज मात्र हा शब्द शिवी झाला आहे. 'पोरंबोक' म्हणजे कुचकामी माणूस. 2017 च्या जानेवारीत गायक टी. एम. कृष्णा यांनी याच शब्दावरचे एक गाणे कर्नाटक संगीतात गायले आणि त्याचे चित्रण एन्नोरच्या खाडीत केले. घराघरांतून ते पाहिले गेले.

1996 च्या मंजूर किनारा नकाशात ही खाडी सुमारे साडेसहा हजार एकरांची आणि बांधकामाला मनाई असलेली दाखवली आहे. 2017 मध्ये कार्यकर्त्यांनी उजेडात आणले की नंतरच्या एका नकाशातून ती गायबच झाली होती! जिच्यावरून रोज लोकल धावते ती खाडी कागदावर नाही. जे कुणाच्याच नावावर नसते ते पुसायला सोपे जाते, हेच खरे.

परतीच्या गाडीत माझ्यासमोर एक बाई बसली होती. पायाशी ओल्या फडक्याने झाकलेली टोपली. मी बोटाने विचारले, तिने फडके जरा उचलून दाखवले. ओंजळभर कोळंबी, थोड्या चिंबोऱ्या. तिला मराठी येत नव्हते, मला तमिळ. तिने हात आधी दोन बाजूंना ताणून दाखवले, मग बोटे जवळ आणली. पूर्वी एवढी, आता एवढी. याला दुभाषा लागत नाही.

तरीही टोपली रिकामी नव्हती. खाडी अजून देते आहे. दार उघडे ठेवण्याचे काम तेवढे आपल्याकडे आहे, एन्नोरलाही आणि ठाण्यालाही.

जायचे असेल तर: चेन्नईचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हा काळ बरा. लोकलने पाऊण तासाच्या आसपास लागतो. वाटेत तिरुवोट्टियूरचे त्यागराज मंदिर पाहता येईल. हॉटेल, बाग असे काही खाडीवर नाही, पाणी आणि टोपी जवळ ठेवा. होडीत बसायचे तर कुप्पममधल्या माणसांना विचारूनच.