परवाना एकच हवा, पण तो निडीपर्यंत पोचला पाहिजे

दिवा-रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे सोडले की निडी येते आणि मग रोहा. या पट्ट्यातल्या बौद्धवाड्या, आदिवासी वाड्या आणि आगरी पाड्यांमध्ये आम्ही काम करतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, रेशनकार्ड, अपंगत्वाचे प्रमाणपत्र अशी रोजची कामे. या कामातून एक प्रश्न वारंवार समोर येतो आणि त्यावर आपल्या चळवळीत फार कमी लिहिले गेले आहे. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याला तपासण्याचा आणि त्याच्यावर उपचार करण्याचा अधिकार कोणाला? त्या अधिकाराचा परवाना देते कोण? आणि असा परवाना असलेला माणूस आमच्या वस्तीत कधीच का दिसत नाही?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पाक्षिक काढले आणि त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. तेव्हापासून 'मूक' हा शब्द आपण रूपक म्हणून वापरत आलो आहोत. या लेखात तो रूपक नाही. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या माणसांची संख्या सुमारे ५० लाख आणि वाचादोष असलेल्यांची सुमारे २० लाख नोंदली गेली. ही माणसे मोर्च्यात घोषणा देऊ शकत नाहीत आणि सभेतले भाषण ऐकू शकत नाहीत. म्हणून त्यांचा प्रश्न आपल्या मंचावर यायचा राहून जातो.

आधी व्यवसाय समजून घेऊ. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ. तो कान किती ऐकतो हे मोजतो, श्रवणयंत्र निवडतो आणि बसवतो. स्पीच थेरपिस्ट म्हणजे वाचा आणि भाषेचा तज्ज्ञ. तो न बोलणाऱ्या मुलाला बोलायला शिकवतो, पक्षाघातानंतर भाषा हरवलेल्या माणसाला शब्द परत मिळवून देतो. शास्त्रे दोन आहेत, पण लहान मुलाच्या बाबतीत प्रश्न एकच असतो. मूल बोलत नाही कारण त्याला ऐकू येत नाही. यंत्र बसवले आणि बोलणे शिकवले नाही, तर यंत्र वाया जाते. बोलणे शिकवायला घेतले आणि कान तपासला नाही, तर वर्षे वाया जातात.

आता कायदा. भारतात या दोन्ही व्यवसायांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. १९९२ चा कायदा, अंमल १९९३ पासून. कलम १३ सांगते की मान्यताप्राप्त पात्रता आणि केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणीही हा व्यवसाय करू शकत नाही. तसे केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पदवी अभ्यासक्रम दोन्ही शास्त्रांचा मिळून एकच आहे, बी.ए.एस.एल.पी. चार वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. म्हणजे पदवीच्या पातळीवर आपल्याकडे 'एक माणूस, दोन्ही कामे' हे तत्त्व आधीच मान्य आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षणात वाटा फुटतात. श्रवणाची एम.एस्सी. वेगळी, वाचा-भाषेची वेगळी.

अमेरिकेत हा परवाना प्रत्येक राज्य आपापला देते. काही ठिकाणी दोन व्यवसायांचे दोन स्वतंत्र परवाने आहेत. मग एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात चालावा म्हणून राज्याराज्यांना आपसात करार करावा लागला. आपल्याकडे पाया केंद्रीय असल्यामुळे ही कटकट नाही. तरीही दोन प्रश्न उरतातच. दोन्ही व्यवसायांना एकच परवाना असावा की दोन? आणि परवान्याचे काम दिल्लीत असावे की राज्यात?

पहिल्या प्रश्नावर आमचे मत स्पष्ट आहे. परवाना एकच असावा.

याचे कारण आम्ही पुस्तकातून काढलेले नाही. निडीच्या आसपासच्या एका कातकरी कुटुंबातली मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. घरातले म्हणाले, बापही उशिराच बोलला होता. अंगणवाडीताईंनी आग्रह धरला म्हणून तपासणी झाली. कानाची तपासणी एका ठिकाणी, एका वारी. वाचेचे उपचार दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या वारी. पहाटे निघायचे, रिक्षा, मग गाडी, मग रांग. आई-बाप दोघांची मजुरी बुडते आणि घरच्या धाकट्याला शेजारी ठेवावे लागते. कुटुंबाने चार खेपा केल्या. पाचवी खेप झालीच नाही, कारण दिवाळी सरली आणि घर वीटभट्टीवर गेले. दरम्यान कोणीतरी एका दुकानातून यंत्र घेऊन दिले होते. दुकानदाराने पाच मिनिटे कानाशी काहीतरी वाजवून पाहिले आणि यंत्र दिले. कानाचा साचा नीट बसला नव्हता, त्यामुळे यंत्र शिटी मारायचे. मुलगी ते काढून फेकायची. शेवटी ते डब्यात गेले.

जन्मानंतर एक महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचाराला सुरुवात, असा या शास्त्राचा सर्वमान्य नियम आहे. मेंदू भाषा शिकायला सर्वांत तयार असतो तो पहिल्या काही वर्षांत. या मुलीची ती वर्षे एसटीच्या थांब्यावर गेली. तिच्यासाठी दोन तज्ज्ञ, दोन खिडक्या, दोन कागद ही व्यवस्था म्हणजे उपचार नाकारण्याची सभ्य पद्धत आहे.

दोन परवान्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की दोन्ही शास्त्रे फार पुढे गेली आहेत, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूच्या लहरींवरून श्रवण मोजणारी बेरा चाचणी, गिळण्याच्या दोषांवरचे उपचार हे सगळे एकाला जमणार नाही, दर्जा घसरेल. हा मुद्दा खोटा नाही. पण त्याचे उत्तर डॉक्टरांच्या नोंदणीत आहे. एमबीबीएस झालेल्याची नोंदणी एकच असते. पुढे तो सर्जन होवो की भूलतज्ज्ञ, त्याची जादा पात्रता त्याच नोंदीवर चढते. म्हणून कोणी भूलतज्ज्ञाकडून हाड बसवून घेत नाही. इथेही तसेच करता येईल. मूळ परवाना एक, त्यावर विशेष पात्रतेची नोंद. तालुक्याच्या दवाखान्यात मूळ परवानाधारक दोन्ही कामे करील आणि अवघड रुग्ण विशेषज्ञाकडे पाठवील.

समाजशास्त्राच्या एम. ए. ला मॅक्स वेबर शिकताना एक कल्पना भेटली होती, सामाजिक बंदिस्ती. एखादा गट पात्रतेच्या नावाने दार बंद करतो आणि आतल्या संधी आपल्यापुरत्या राखतो. आपल्याला हे वेबरने सांगायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. म्हणून कोणताही परवाना दिसला की आम्ही दोन प्रश्न विचारतो. हा परवाना भोंदूला बाहेर ठेवतो की आमच्या पोरांना? आणि याने रुग्णाचे रक्षण होते की धंद्याचे?

आजची स्थिती पाहा. परवान्याशिवाय यंत्र विकणाऱ्याला १९९२ च्या कायद्यातला जास्तीत जास्त दंड एक हजार रुपये. एका डिजिटल श्रवणयंत्राची किंमत याच्या कितीतरी पट. हा दंड भरूनही धंदा नफ्यात राहतो. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्रात बी.ए.एस.एल.पी. ला प्रवेश नीट परीक्षेतून होतो. संस्था मुख्यतः मुंबई-पुण्याकडे. राखीव जागा कागदावर आहेत, पण निडीतल्या बारावी झालेल्या मुलीला असा अभ्यासक्रम असतो हेच माहीत नसते. म्हणजे परवाना भोंदूसाठी सैल आणि आमच्या मुलीसाठी घट्ट आहे.

आणखी एक गोष्ट. वाचादोष तपासताना मुलाला चित्रे दाखवून शब्द म्हणायला लावतात. आमच्या भागातले मूल 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणते, 'कोण' ऐवजी 'कोन' म्हणते. घरी, वाडीत, शेतावर सगळे तसेच म्हणतात. ही बोली आहे, दोष नाही. पण ज्या तज्ज्ञाने फक्त पुस्तकी मराठी ऐकली आहे, तो तिथे चुकीची खूण करू शकतो. शुद्ध-अशुद्धाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. पूर्वी तो स्पर्शाचा होता, मग उच्चाराचा झाला. आता तो वैद्यकीय अहवालात शिरू नये. परवान्याच्या प्रशिक्षणात आगरी, कातकरी, वऱ्हाडी, अहिराणी अशा बोलींची ओळख सक्तीची असली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, दिल्ली की राज्य? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले होते की आपले संघराज्य विविधता मान्य करील, पण मूलभूत बाबींत एकसारखेपणा राखील. त्यासाठी एकच न्यायव्यवस्था, मूलभूत कायद्यांत एकरूपता आणि महत्त्वाच्या पदांसाठी अखिल भारतीय सेवा. हेच सूत्र इथे लागू पडते. दर्जा आणि नोंदवही देशभर एक असावी, म्हणजे इथला तज्ज्ञ गोव्यात गेला तरी पुन्हा परीक्षा नको. पण अंमलबजावणी राज्याची असावी. सार्वजनिक आरोग्य, दवाखाने आणि अपंगांना साहाय्य हे राज्यसूचीतले विषय आहेत. व्यवसायांचे नियमन समवर्ती सूचीत आहे. राज्याला अधिकार नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

२०२१ साली सहयोगी आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा आला. त्यात फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन यांच्यासाठी केंद्रीय आयोगाबरोबर राज्य परिषदांची तरतूद झाली. वाचा-श्रवणाचा व्यवसाय मात्र पुनर्वास परिषदेकडेच राहिला. परिषद दिल्लीत. निडीच्या मजुराने दुकानदाराविरुद्ध तक्रार दिल्लीला करायची, हे व्यवहारात तक्रार नाकारण्यासारखे आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. शब्द बदलला, खाते झाले. आता त्या खात्यात या परवान्याचा राज्य कक्ष निघावा.

काही मित्र म्हणतात, एवढे बारीक कायद्याचे काम आपले नाही, आपले काम जातीचे. त्यांना आम्ही आपल्याच जिल्ह्याची आठवण देतो. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरी कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली. कायदा झाला म्हणजे पाणी मिळाले असे होत नाही. पण कायदा नसता तर तळ्यावर जाताना हातात कोणता कागद धरला असता?

रायगडात तर हा प्रश्न फक्त मुलांचाही नाही. पेण, नागोठणे, रोहा-धाटाव हा कारखान्यांचा पट्टा आहे. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण तो सिद्ध करायला पात्र तज्ज्ञाचा श्रवण आलेख लागतो. तज्ज्ञ नाही, तर आलेख नाही. आलेख नाही, तर भरपाईचा दावा नाही. कंत्राटी कामगार घरी बसतो आणि लोक म्हणतात, म्हातारपणामुळे ऐकू येत नाही. तो चाळिशीचा असतो.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

एक, श्रवण आणि वाचा दोन्हींसाठी एकच मूळ परवाना कायम ठेवावा आणि विशेष पात्रता त्यावरच नोंदावी.

दोन, नोंदवही मराठीत, मोबाईलवर कोणालाही पाहता येईल अशी असावी. प्रत्येक दुकानात आणि दवाखान्यात परवाना क्रमांक दर्शनी भागात लावावा.

तीन, राज्यात तक्रार कक्ष असावा, आणि एक हजारांचा दंड काळानुसार वाढवण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

चार, प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात परवानाधारकाचे कायम पद असावे, कंत्राटी नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या महाराष्ट्रात, पालघरला झाली. त्या पथकांना सापडलेले मूल तालुक्यातच तपासले गेले पाहिजे.

पाच, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना या अभ्यासक्रमासाठी पूर्ण फी, वसतिगृह आणि नीटची तयारी मिळावी. आपल्या बोलीतले मूल आपल्या बोलीच्या तज्ज्ञाकडे लवकर बोलू लागेल.

सहा, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी मुलाची एकच फाईल असावी, ती भट्टीच्या तालुक्यातही चालावी.

वाचकांनी एक काम करावे. आपल्या वस्तीत दोन वर्षांचे होऊनही न बोलणारे मूल असेल तर 'उशिरा बोलेल' म्हणून थांबू नका. आशाताईंकडे नोंद करा, कान तपासून घ्या, आणि तपासणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका. तो सांगणे त्याचे कर्तव्य आहे. यंत्र दुकानातून घेण्याआधी साचा कोण बसवणार आणि बोलणे कोण शिकवणार, हेही विचारा. ज्यांच्या घरी बारावी विज्ञान झालेली मुले आहेत त्यांनी या अभ्यासक्रमाची माहिती घ्या. आम्ही पेण-रोह्याच्या वाड्यांमधून अशा मुलांची यादी करत आहोत. ती निवेदनासोबत दिव्यांग कल्याण विभागाला देणार आहोत.

जय भीम. जय संविधान.