भाकरीचा हिशेब

मागच्या थंडीतली ती पहाट आम्ही विसरू शकत नाही. फजरच्या वेळी अब्बा वुजूसाठी उठले, पण नळापर्यंत न जाता पलंगाच्या कडेवरच बसून राहिले. बाहेर गारठा, आणि अब्बांचा कुडता मात्र घामाने भिजलेला. हात थरथरत होते. विचारले एक की उत्तर भलतेच येत होते. शेजारच्या घरी साखर तपासायचे मशीन होते, ते धावत आणले. आकडा आला 52.

मधुमेह म्हणजे साखर वाढणे, एवढेच आमच्या डोक्यात होते. ती इतकी खाली येऊ शकते, आणि आमच्याच हातून येऊ शकते, हे त्या पहाटे कळले.

झाले होते असे. दोन महिन्यांपूर्वी अब्बांना मधुमेह असल्याचे निदान झाले आणि गोळी सुरू झाली. पाठोपाठ सल्ले सुरू झाले. नातेवाईक, शेजारी, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळ्यांचे म्हणणे एकच : कर्बोदके बंद करा. आम्ही कामाला लागलो. भाकरी बंद, भात बंद, पोहे बंद, बटाटा बंद. दोन्ही वेळा उकडलेली अंडी, शोरबा, काकडी. साखरेचा आकडा उतरू लागला तसा आम्हाला अभिमान वाटू लागला. अब्बा आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी रिकाम्या ताटाकडे बघून एवढेच म्हणाले, "जिस रोटी ने पाला, वही दुश्मन हो गई क्या?" आम्ही ते हसण्यावारी नेले.

त्या पहाटे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून अब्बांना पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, आकडा 88. अब्बांनी ओळखीच्या आवाजात विचारले, "काय झालं रे सगळ्यांना?" तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तिने तिचं काम केलं. तुम्ही मात्र समोरचं ताटच काढून घेतलं. काही रुग्णांची कर्बोदकं आम्हीही कमी करतो, पण आधी गोळीचं माप बदलतो."

सर्वांत जास्त शरम वाटली ती आमच्या पेशाची. आम्ही शाळेत शिकवतो. भाताच्या शितावर आयोडीनचा थेंब टाकून ते निळे-काळे झालेले मुलांना दाखवतो. भाकरीचा कोरडा तुकडा बराच वेळ चावायला लावतो, म्हणजे तो गोड लागू लागतो. लाळ पिठातल्या मोठ्या साखळ्या तोडते आणि साखर मोकळी होते, हे समजावतो. उर्दूत आम्ही निशास्ता म्हणतो, मराठीत पिष्टमय पदार्थ. दोन्ही भाषांत शिकवलेला हा धडा आमच्याच स्वयंपाकघरात मात्र पोहोचला नव्हता.

मग आम्ही तो पुन्हा शिकलो. साखर, पीठ आणि तंतू ही तिन्ही कर्बोदकेच. साखर लगेच रक्तात जाते. पीठ तुटून त्याचे ग्लुकोज होते. तंतू पचतच नाहीत, पण बाकीच्यांचा वेग कमी करतात आणि पोट साफ ठेवतात. एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे 4 कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून 9. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. आणि निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी असते किती? सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. शरीर दिवसरात्र हा एक चमचा सांभाळत असते. जेवणानंतर जास्तीची साखर यकृतात आणि स्नायूंत साठवते, उपाशी असताना यकृतातून थोडी थोडी सोडते. मधुमेहात हा सांभाळ बिघडतो. म्हणून बाहेरून आपण हिशेब ठेवायचा.

घरी एक छोटा वजनकाटा आणला. पहिल्याच दिवशी डोळे उघडले. आम्हा सोलापूरकरांचा समज असा की भात वाईट, ज्वारीची भाकरी कितीही चालते. आमच्या घरची एक भाकरी 80 ग्रॅम पिठाची निघाली. त्यात 50 ग्रॅमहून अधिक कर्बोदके. शिजवलेल्या भाताची एक वाटी 150 ग्रॅमची, तिच्यात 40 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक भाकरी भाताच्या एका वाटीपेक्षा जडच. ज्वारीचा खरा फायदा तंतूंचा : 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात त्या मानाने फारच थोडे. भाकरी चांगली आहे, पण तिलाही माप आहे.

दुसरी गोष्ट वजनकाट्याने नाही, अम्मींनी सांगितली. अब्बांनी पस्तीस वर्षे मागावर काम केले. पाळीभर उभे राहायचे, धोट्याबरोबर नजर आणि हात सतत चालू. तेव्हाच्या चार भाकऱ्या कुठे जिरायच्या ते कळतही नसे. "काम सुटलं, पण भाकऱ्या त्याच राहिल्या," अम्मी म्हणाल्या. स्नायू राबले की रक्तातली साखर ओढून घेतात, बसून राहिले की ती तिथेच राहते. अब्बांना पोसणारी भाकरी दुश्मन झाली नव्हती. तिला जाळणारे कष्ट थांबले होते.

आता अब्बांचे ताट असे असते : एक भाकरी, दोन वाट्या भाजी किंवा पालेभाजी, वाटीभर डाळ, नाहीतर अंडे किंवा मटणाचे दोन तुकडे. डाळ-भाजी आधी, भाकरी तिच्यासोबत. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे गल्लीत फेरी. चहाबरोबरची खारी आणि टोस्ट गेले, शरबत गेले. हे ताट डॉक्टरांनी अब्बांसाठी ठरवले, ते सगळ्यांना लागू होईल असे नाही. पण दिशा सर्वांनाच उपयोगी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात दिवसाच्या कॅलरींपैकी 45 टक्क्यांपर्यंतच धान्यातून याव्यात, असे सुचवले आहे. आपल्या बहुतेक ताटांत धान्यच ताट भरून टाकते आणि डाळ-भाजी तोंडी लावण्यापुरती उरते. जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांवरील सर्वांसाठी दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू सांगते. ते भाजी, कडधान्ये आणि सबंध फळांतून मिळतात, रसातून नाही.

ज्यांच्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे, त्यांना आमच्या चुकीवरून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या मनाने ना गोळी बंद करावी, ना अन्न. घाम, थरथर, बरळणे दिसले की साखर तपासावी. ती 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, आणि सावरल्यावर थोडे खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

रमजान जवळ आला तेव्हा अब्बांना घेऊन आम्ही पंधरवडाभर आधीच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंदा रोजे नकोत, असे स्पष्ट सांगितले. अब्बा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मौलानांशी बोलून घेतले. आजाऱ्याला दिलेली सवलत हीसुद्धा रहमतच आहे, असे ते म्हणाले, आणि फिदया कसा द्यायचा तेही त्यांनी समजावले.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी ज्वारी-गव्हाचे डबे उघडले आणि तोच छोटा वजनकाटा मागून घेतला. फिदयाचे धान्य ते स्वतः मोजत बसले. आम्ही म्हटले, "अब्बा, या काट्यावर पुष्कळ वेळ लागेल, दुकानातून मोजून आणतो."

"लागू दे," ते म्हणाले. "माझ्या भाकरीचा हिशेब तुम्ही ठेवता. ही दुसऱ्याची भाकरी आहे, हिचा हिशेब मला ठेवू द्या."